तग धरणारी जनुकं, दाणा भरणारं पीक

भाताच्या मुळांना पाणी चालतं, शेंड्याला मात्र हवा लागते. पुरात अख्खं रोप पाण्याखाली गेलं की बहुतेक सुधारित वाण आठवडा-दहा दिवसांत मरतात, आणि मरतात ते बरेचसे स्वतःच्याच धडपडीने. पाण्यात वायू फार सावकाश पसरतात. त्यामुळे रोपाने तयार केलेला इथिलीन वायू बाहेर न पडता आतच साठतो. तो साठला की जिबरेलिन या संप्रेरकाचं काम वाढतं आणि रोप भराभर उंच होऊ लागतं. शेंडा पाण्याबाहेर काढायचा, एवढाच त्यामागचा हेतू. पण गढूळ पाण्याखाली प्रकाशसंश्लेषण जवळजवळ बंद असतं, म्हणजे ही सगळी वाढ साठवलेल्या पिष्टावर चाललेली असते. पूर ओसरतो तेव्हा उरतं ते लांबलचक, पिवळं, आडवं झालेलं रोप. त्याला पुन्हा फूट येत नाही.

ओडिशातल्या देशी भातातून निवडलेला एफआर 13ए हा वाण अशी घाई करत नाही. तो वाढ थांबवतो, साठा राखतो आणि पाणी उतरल्यावर नव्याने फुटतो. हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर आहे हे 1996 मध्ये कळलं. त्यामागचं जनुक, सब1ए, 2006 मध्ये हाती आलं. पामेला रोनाल्ड, डेव्हिड मॅकिल आणि ज्युलिया बेली-सेरेस यांच्या प्रयोगशाळांचं ते एकत्रित काम. गंमत अशी की हे जनुक इथिलीननेच चालू होतं आणि इथिलीनच्याच आदेशाला आवर घालतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ते आपल्याकडच्या लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात संकराने आणलं. पिढ्यान्‌पिढ्या पाठसंकर करायचा, दर पिढीत जनुकीय खुणा तपासायच्या आणि हवा तो तुकडा सोडून बाकी सगळं स्वर्णाचंच ठेवायचं, अशी ती पद्धत. 2009 मध्ये स्वर्णा-सब1 भारतात प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे बुडून राहिला तरी तगतो, आणि पूर न आलेल्या वर्षी मूळ स्वर्णाइतकाच उतारा देतो.

धान्यपिकं आणि पर्यावरणाचा ताण या विषयात इतकी स्वच्छ गोष्ट दुसरी नाही. माझ्या मते या क्षेत्राचं थोडं नुकसानही तिनेच केलं. पुराचं जनुक सापडलं तसं दुष्काळाचं सापडेल, उष्णतेचं सापडेल, अशी आशा त्यानंतर बळावली. संशोधनासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावांची आणि वर्तमानपत्री मथळ्यांची भाषाही तीच झाली. पण पूर हा सोपा ताण आहे. तो ठरावीक हंगामात येतो, येतो तेव्हा पूर्ण येतो आणि काही दिवसांत जातो. रोपापुढे प्रश्न एकच असतो: धावायचं की थांबायचं. थायलंड-बांगलादेशातल्या खोल पाण्याच्या भाताने नेमकं उलट उत्तर दिलं आहे. तिथे पाणी महिनोन्‌महिने उतरत नाही, थांबणारं रोप उपासमारीने मरेल. त्या भातात नागोया विद्यापीठाच्या गटाला 2009 मध्ये स्नॉर्केल नावाची दोन जनुकं सापडली. ती असली की रोप दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढू शकतं. सब1ए आणि स्नॉर्केल एकाच घराण्यातली जनुकं आहेत, दोघांना जागं करणारं इथिलीनही एकच, आणि आदेश परस्परविरोधी. आपापल्या पाण्यात दोन्ही बरोबर.

दुष्काळाचा मामला असा नाही. पाणी कमी पडल्याची खबर रोपात कशी फिरते, हे आता बरंच समजलं आहे. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, ते आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे एक ब्रेक सुटतो आणि काही विकरं जागी होतात. ती पर्णरंध्रं मिटवतात, शिवाय केंद्रकात जाऊन जनुकांचे संच चालू-बंद करतात. हे ग्राहक प्रथिन कुठलं, यावर कित्येक वर्षं वाद होता. तो 2009 मध्ये मिटला. दुसरी एक वाट या संप्रेरकाशिवाय चालते. तिच्यावरच्या डीआरईबी जनुकांचा शोध जपानच्या काझुओ शिनोझाकी आणि काझुको यामागुची-शिनोझाकी यांनी नव्वदच्या दशकात लावला. यातलं एक जनुक चालू झालं की कोरड आणि थंडी सोसायला मदत करणारी अनेक जनुकं एकदम चालू होतात. मग हेच मुख्य बटण दाबलं तर?

मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेने ते गव्हात दाबून पाहिलं. डीआरईबी1ए घातलेली गव्हाची रोपं काचघरात, छोट्या कुंडीत, पाणी तोडल्यावर साध्या रोपांपेक्षा उशिरा कोमेजली. छायाचित्र झकास आलं असणार. तोच गहू शेतात, कमी पाण्यावर घेतला तेव्हा दाण्याच्या उताऱ्यात साध्या गव्हापेक्षा फायदा निघाला नाही. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या दृष्टीने या विषयातल्या सर्वांत उपयुक्त शोधनिबंधांपैकी तो एक आहे. कुंडीतली माती दोन-चार दिवसांत सुकते, शेतातली जमीन आठवडे घेते. कुंडीत रोप मरतं की जगतं एवढंच मोजलं जातं, शेतकरी मोजतो क्विंटल. आणि पर्णरंध्रं मिटून बसलेलं रोप जगतं खरं, पण बंद रंध्रांतून कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. तग धरण्याची किंमत दाण्यात चुकवावी लागते.

मग शेतात नेमकं काय घडतं? याचं सर्वांत तपशीलवार उत्तर ज्वारीने दिलं आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात उन्हाळाभर पाऊस पडत नाही. म्हणजे कधी पाणी द्यायचं आणि कधी तोडायचं हे माणसाच्या हातात. तिथे ज्वारीचे दोन वाण लावले होते. एक फुलोऱ्याआधीचा दुष्काळ सोसणारा, दुसरा फुलोऱ्यानंतरचा. रोपापासून कणीस पिकेपर्यंत सतरा आठवडे, दर आठवड्याला पानांचे आणि मुळांचे नमुने काढले. सुमारे चारशे नमुन्यांतून कुठलं जनुक कधी बोलतं, कधी गप्प होतं याची नोंद झाली. 2019 मध्ये निकाल आले: दुष्काळाने 10,727 जनुकांचं काम बदललं. चालू असलेल्या जनुकांपैकी 44 टक्के. पाणी पुन्हा दिल्यावर यातली बहुतेक जनुकं लवकरच पूर्वपदावर आली. मुळांत आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मुळांशी भागीदारी करून ज्वारीला स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीशी संबंधित जनुकं दुष्काळात पार मंदावली आणि मुळांतली ती बुरशीही घटली. म्हणजे पाणी तोडल्यावर ज्वारी फक्त पाण्याचाच हिशोब बदलत नाही, भागीदारीही गुंडाळते. दहा हजार जनुकांच्या या गलबल्यात ‘दुष्काळाचं जनुक’ शोधणारा माणूस चुकीचा प्रश्न विचारतो आहे, असं म्हणायला हरकत नाही.

योग्य प्रश्न कुठला, ते सोलापूर, मंगळवेढ्याकडे पाहिलं की कळतं. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि पुढचे चार महिने काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायची. वरून पाऊस जवळजवळ नाही. इथला ताण कधी येणार हे आधीच ठाऊक असतं: पीक पोटरीत येतं, निसवतं, तेव्हा ओल खाली गेलेली असते, आणि दाणा भरायचा तो त्यानंतर. महिन्याचा पगार पंधरा तारखेला संपवणाऱ्याचे शेवटचे दिवस जसे जातात, तसे सुरुवातीला हिरवंगार वाढलेल्या पिकाचे जातात. पानं करपतात, दाणा बारीक राहतो, ताटाच्या बुडाशी खडखड्या रोगाची बुरशी शिरते आणि ताट लोळतं. कडबाही गेला.

ज्वारीच्या काही वाणांत दाणा भरेपर्यंत वरची पानं हिरवी राहतात. शास्त्रज्ञ या गुणाला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या बी35 या वाणात त्याच्याशी जोडलेले गुणसूत्रांचे चार मुख्य पट्टे सापडले. पानं हिरवी ठेवणारं काहीतरी रसायन त्यात असेल असं आधी वाटे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या अँड्र्यू बॉरेल यांच्या गटाने दाखवलं की खरी करामत फुलोऱ्याच्या बरीच आधी होते. हे पट्टे असलेल्या ज्वारीला फुटवे कमी येतात, वरची पानं लहान राहतात, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत ती पाणी कमी उपसते. वाचलेली ओल दाणा भरताना कामी येते. पानांचा हिरवेपणा हा परिणाम आहे, कारण नव्हे. संशयाची सुई ऑक्झिन हे संप्रेरक पेशीपेशींतून वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांकडे आहे. दुष्काळाशी वरवर पाहता त्यांचा काही संबंध नाही, ती ताटाची ठेवण ठरवतात. कुंडीत चार दिवस पाणी तोडून ही जनुकं कधीच सापडली नसती.

हे मोजायचं कसं? हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये एक साधी पण कष्टाची सोय आहे. माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून मोठे प्लास्टिकचे नळ मातीने भरून जमिनीत उभे पुरलेले, प्रत्येकात पीक. ठरावीक दिवसांनी नळ साखळीने उचलायचा, काट्यावर टांगून तोलायचा, परत ठेवायचा. घटलेलं वजन म्हणजे पिकाने प्यालेलं पाणी. असे शेकडो नळ. बाजरीवर तिथे झालेल्या कामातून कळलं की शेवटच्या टप्प्यातला दुष्काळ सोसणारे वाण एकूण पाणी जास्त पितात असं नाही. ते आधी कमी पितात आणि दाणा भरताना पितात. दुपारी हवा फार कोरडी झाली की काही वाण जमिनीत ओल असूनही पर्णरंध्रं थोडी आवळतात. मुळं खोल गेली की काम झालं, हा आपला आवडता समज इथे उणा पडतो. खोल मुळांचं जनुकही आहे. भातातलं डीआरओ1, 2013 मध्ये जपानी संशोधकांनी फिलिपिन्सच्या डोंगरी वाणातून काढलेलं. ते मुळं उभी खाली नेतं आणि खाली ओल असेल तर उपयोगी पडतं. पण खाली मुरूम लागला तर खोल मूळ काय करणार?

म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारीची शिफारस मला परदेशी शोधनिबंधांइतकीच महत्त्वाची वाटते. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे बदलतो. जुनी मालदांडी, म्हणजे एम 35-1, मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडली गेली. त्या काळी जनुकाचा रेणू कसा दिसतो हेही जगाला ठाऊक नव्हतं. ती आजही शेतात आहे, आणि स्टे-ग्रीन गुणाच्या अभ्यासात बी35 शी तिचा संकरही झाला आहे. इक्रिसॅटच्या प्रयोगांत असंही दिसलं की तोच स्टे-ग्रीन पट्टा दोन वेगळ्या वाणांत घातला तर परिणाम वेगळा येतो. जनुक उचललं आणि दुसरीकडे चिकटवलं, इतकं ते सरळ नाही.

क्षारांचा ताण या मानाने पुराच्या जवळचा. खाऱ्या जमिनीत सोडियम मुळांतून वर चढतो आणि पानांत साठून त्यांना मारतो. त्याला वाटेतच अडवणारं प्रथिन मुळांच्या जलवाहिन्यांभोवती असतं. वर जाणाऱ्या रसातून ते सोडियम काढून घेतं. बंगालच्या नोना बोक्रा भातातून हे जनुक 2005 मध्ये सापडलं. केरळच्या पोक्कळी भातातला ‘सॉल्टॉल’ हा प्रसिद्ध पट्टाही पहिल्या गुणसूत्रावर त्याच भागात आहे. गव्हाच्या एका रानटी जातभाईतलं असंच जनुक ऑस्ट्रेलियन संशोधकांनी साध्या संकराने डुरम गव्हात आणलं. 2012 मध्ये त्यांनी खाऱ्या जमिनीत 25 टक्के जास्त उतारा नोंदवला, तोही प्रत्यक्ष शेतात.

कोकणच्या खारजमिनीत आणि गोव्याच्या खाजनात मात्र घोळ वेळेचा आहे. सॉल्टॉलचा जोर रोपावस्थेत दिसतो. आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस जमिनीतले क्षार धुऊन नेतो, रोप त्यातल्या त्यात सुखात असतं. पाऊस लांबला तर लावणीला, आणि लवकर गेला तर फुलोऱ्याला खार वर येतो. फुलोऱ्यातला खार सोसणं ही वेगळी गोष्ट आहे. भात या दोन्ही टप्प्यांवर नाजूक असतो, मधल्या काळात तितका नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल वाण, कोकणातला जुना कळा राता, गोव्याचा कोरगुट हे या वेळापत्रकात तावूनसुलाखून निघालेले भात आहेत. त्यांच्यात काय आहे हे नीट वाचायचं काम सॉल्टॉलची नक्कल करण्यापेक्षा फायद्याचं ठरेल. बांध फुटला की पूर आणि खार एकदमच येतात, त्यामुळे सब1 आणि सॉल्टॉल एकाच वाणात आणण्याचे प्रयत्न झाले, ते योग्य दिशेने आहेत.

उष्णतेबद्दल चित्र सर्वांत कमी समाधानकारक आहे, आणि गरज सर्वांत जास्त. मार्च 2022 हा भारतातला नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेतल्या गव्हाचा दाणा चिकातच आटला आणि 13 मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. जागतिक तापमान एक अंशाने वाढलं तर मक्याचं उत्पादन सरासरी 7.4 टक्के, गव्हाचं 6 टक्के आणि भाताचं 3.2 टक्के घटेल, असा 2017 चा एक मोठा एकत्रित अंदाज आहे. गव्हात जनुक शोधणं जात्याच अवघड. तीन पूर्वजांचे तीन संच, एक लाखाहून जास्त जनुकं आणि बहुतेकांच्या तीन-तीन प्रती. एक बिघडवली तर उरलेल्या दोन काम चालवतात आणि परिणाम दिसतच नाही.

भातात एक चतुर वाट सापडली आहे. भाताचं फूल दुपारच्या तोंडावर उमलतं, आणि पस्तीस अंशांच्या वर परागकण वांझ होऊ लागतात. ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानटी भातातला एक पट्टा फूल दीड-दोन तास आधी उमलवतो. उष्णता सोसायची नाही, टाळायची. मला ही युक्ती उष्णता सोसणाऱ्या प्रथिनांच्या लांबलचक याद्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पण ती दिवसाच्या उष्णतेपुरती. रात्र गरम राहिली तर काय? फिलिपिन्समधल्या नोंदींवरून 2004 मध्ये दाखवलं गेलं की उन्हाळी भातात किमान तापमान एक अंशाने वाढलं की उतारा दहा टक्क्यांनी घटतो.

त्यात शेतात ताण एकेकटे येत नाहीत. ऊन वाढलं की पानाला पर्णरंध्रं उघडी ठेवून थंड व्हायचं असतं, पाणी कमी असलं की ती मिटायची असतात. दोन्ही एकदम आले की रोपातली जनुकं जो प्रतिसाद देतात तो दोन प्रतिसादांची बेरीज नसते, वेगळाच असतो. तरीही प्रयोग बहुतेक एका वेळी एकाच ताणाचे होतात, कारण तेच प्रसिद्ध करायला सोपं.

आता बाजाराकडे. अमेरिकेत बॅसिलस जिवाणूचं जनुक घातलेल्या दुष्काळी मक्याला 2011 मध्ये मोकळीक मिळाली. त्या वेळी तिथल्या कृषी खात्यानेच नोंदवलं होतं की साध्या पैदाशीचे, त्या त्या भागाला रुळलेले मक्याचे वाणही तितकाच दुष्काळ सोसतात. अर्जेंटिनात राकेल चान यांनी सूर्यफुलातून काढलेलं एचबी4 जनुक घेऊन गहू आला. त्याला 2020 मध्ये मंजुरी मिळाली, पण ब्राझीलने त्याचं पीठ स्वीकारेपर्यंत विक्री अडली. भारताने मार्च 2022 मध्ये बाहेरचं जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाला जीएम नियमांतून वगळलं, आणि 4 मे 2025 रोजी असे दोन भात जाहीर केले. सांबा मसुरीवर आधारित ‘कमला’ हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा, आणि एमटीयू 1010 वर आधारित ‘पुसा डीएसटी राइस 1’ दिल्लीच्या पुसा संस्थेचा. बातम्यांत ते दोन वेगळे पराक्रम म्हणून आले. जनुकांच्या पातळीवर ते शेजारी आहेत. डीएसटी हे जनुक पर्णरंध्रं रुंद उघडी ठेवायला मदत करतं, ते बंद पाडलं की रंध्रं आवळतात आणि पाणी वाचतं, हे चीनमध्ये 2009 मध्ये दिसलं होतं. हेच डीएसटी सीकेएक्स2 या दुसऱ्या जनुकालाही चालना देतं. सीकेएक्स2 कणसातलं सायटोकायनिन मोडून दाण्यांची संख्या मर्यादित ठेवतं, आणि ‘कमला’त संपादन झालं आहे ते सीकेएक्स2 चं. म्हणजे एकाच साखळीची दोन कडी तोडली आहेत. पाणी वाचवणं आणि दाणे वाढवणं यांचा धागा इथे खरोखर जुळतो आहे, म्हणून या दोन भातांकडे लक्ष ठेवावं. पण रंध्रं कायमची आवळलेला भात कडक उन्हात, चाळीस अंशांत काय करतो, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या, काही हंगामांच्या आकड्यांनीच ठरेल. ते आकडे सरकारने खुले ठेवले पाहिजेत.

हा सगळा पट पाहून माझं मत असं बनलं आहे की आपल्याकडे जनुकांची टंचाई नाही. एफआर 13ए, पोक्कळी, नोना बोक्रा, मालदांडी ही सगळी शेतकऱ्यांच्या बियाण्यांतून आलेली आहेत. टंचाई आहे ती शेतातल्या चाचणीची, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत बी पोहोचवण्याची. ओडिशात स्वर्णा-सब1 चा अभ्यास झाला तेव्हा फायदा अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना जास्त झाल्याचं दिसलं, कारण पुराखाली जाणाऱ्या सखल जमिनी त्यांच्याच वाट्याला आलेल्या होत्या. हा लाभ झाला तो सरकारी योजनांतून बियाण्याची छोटी पाकिटं गावोगाव वाटली गेली म्हणून. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या चारही विद्यापीठांच्या कोरडवाहू आणि खारजमिनीच्या केंद्रांना माणसं आणि पैसे मिळाले, तर पुढची दहा वर्षं नवं जनुक सापडलं नाही तरी चालेल.

शेतकऱ्यांनी आणि कृषी सहायकांनीही ‘ताण सहन करणारा’ एवढ्या तीन शब्दांवर बी घेऊ नये. ताण पिकाच्या कुठल्या अवस्थेत दिला होता, चाचणीची जमीन किती खोल होती आणि चांगल्या पावसाच्या वर्षी मूळ वाणाच्या तुलनेत उतारा किती पडला, हे विचारावं. वाण प्रसारित करण्याआधीच्या चाचण्यांचे अहवाल असतात. ते मागावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत निम्मं शेत जुन्या वाणाखाली ठेवावं.